जिनिंगच्या गोंगाटात पाच-सहा जणांना एकत्र बोलण्यासाठी कोणते साधन घ्यावे?

रुईसरकी, मानवत (जि. परभणी)

आमच्या नातलगांची मानवत परिसरात जिनिंग-प्रेसिंग (कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधण्याचा कारखाना) आहे आणि हंगामात काट्याचा हिशेब व आवाराची देखरेख माझ्याकडे असते. दिवाळीनंतर आवक वाढली की काटा, कापसाच्या गंजी, जिन हॉल, प्रेस आणि ऑफिस अशा पाच ठिकाणच्या माणसांना दिवसभर एकमेकांशी बोलत राहावे लागते. कोणत्या गाडीचा माल कोणत्या गंजीवर उतरवायचा, ओलावा किती निघाला, कोणता जिन बंद पडला, प्रेसला रुई कमी पडते आहे का, असे ते बोलणे असते. एकेक निरोप दहा सेकंदांचा, पण वेळेवर पोहोचणे गरजेचे.

सध्या आम्ही व्हॉट्सॲपचा ग्रुप कॉल चालू ठेवतो. अडचण अशी की हॉलमधला फिटर कॉलमध्ये आला, की ओळीने चालणाऱ्या डबल रोलर जिनांची (सरकी काढणाऱ्या यंत्रांची) घरघर आणि सक्शनच्या पंख्याचा आवाज सगळ्यांच्या कानांत शिरतो आणि बाकीच्यांचे बोलणे त्यात बुडून जाते. त्याला म्यूट राहायला सांगितले, तर ऐन बोलायच्या वेळी म्यूट काढायचे राहून जाते. गेल्या हंगामात ओलाव्याचा आकडा अकराऐवजी बारा ऐकला गेला आणि त्यावरून काट्यावर एका शेतकऱ्याशी चांगलीच वादावादी झाली. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीत १२ टक्क्यांपर्यंतच ओलाव्याचा माल बसतो आणि ८ च्या वर भावात कपात होते, त्यामुळे एका टक्क्याचा फरकही शेतकऱ्याला परवडत नाही.

माणसांकडे साधे अँड्रॉइड फोन आहेत. हॉल पत्र्याचा असल्यामुळे आत मोबाइलचे नेटवर्क येते-जाते. असे असताना कोणते ॲप घ्यावे, ‘नॉइज कॅन्सलिंग’ लिहिलेल्या हेडसेटवर पैसे घालण्यात अर्थ आहे का, आणि सरळ वॉकी-टॉकीच घेतले तर त्याला परवाना लागतो का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

देखभाल विभाग, वाळूज

आपण प्रश्न ॲपपासून सुरू केला आहे. मी ॲप शेवटी ठेवेन. आधी माईक तोंडापासून किती अंतरावर आहे ते पाहावे, मग तो उघडतो कसा ते ठरवावे आणि त्यानंतर आवाज कोणत्या वाटेने न्यायचा याचा विचार करावा. पहिल्या दोन गोष्टी बिघडलेल्या असतील तर तिसरीवर केलेला खर्च वाया जातो.

तोंड आणि माईक यांतले अंतर निम्मे केले की माईकपर्यंत पोहोचणारा बोलणाऱ्याचा आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो. यंत्रे दोन्ही वेळी दूरच असल्यामुळे त्यांचा आवाज होता तेवढाच राहतो. फोन छातीशी धरून ४० सेंटीमीटरवरून बोलणारा आपला फिटर ओठांपासून अडीच सेंटीमीटरवर असलेल्या दांडीच्या माईकमध्ये बोलू लागला, तर अंतर चार वेळा निम्मे झाले, म्हणजे सुमारे २४ डेसिबलची कमाई झाली. एवढी कमाई, आणि तीही शब्द न खाता, मला आजवर कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये दिसलेली नाही. गोंगाटासाठी बनवलेल्या चांगल्या माईकचा पडदा पुढून आणि मागून असा दोन्ही बाजूंनी उघडा असतो. दूरचा आवाज दोन्ही बाजूंवर जवळजवळ सारखाच आदळतो आणि एकमेकांना मारून टाकतो, ओठांजवळचा आवाज मात्र एकाच बाजूवर जोरात पडतो. म्हणूनच असा माईक ओठांच्या कोपऱ्याशीच राहिला पाहिजे. तो हनुवटीखाली सरकला की साध्या माईकपेक्षाही वाईट वागतो. माणसे नेमके हेच करतात, दांडी टोचते म्हणून खाली ओढतात आणि मग हेडसेटला नावे ठेवतात.

आता ‘नॉइज कॅन्सलिंग’ या शब्दांविषयी. खोक्यावर एएनसी लिहिलेले असेल तर ती सोय ऐकणाऱ्याच्या कानासाठी आहे, तुमचा आवाज समोरच्याला स्वच्छ जावा यासाठी नाही. माईकच्या बाजूची सोय ईएनसी या नावाने विकली जाते. दुकानदार दोन्ही एकच असल्यासारखे सांगतात, त्यामुळे खरेदीच्या वेळी विचारायचा प्रश्न एकच : बोलणाऱ्याच्या मागचा आवाज हा हेडसेट कापतो का? शक्य असेल तर दुकानात न तपासता हॉलमध्येच तपासावा, कारण दुकानात सगळेच हेडसेट चांगले वाजतात.

ब्लूटूथचा मोह टाळावा असे माझे मत आहे. गाणी ऐकताना ब्लूटूथ हेडफोन छान वाजतो, पण त्याच्याच माईकवर बोलायला लागले की बहुतेक फोन कॉलच्या जुन्या पद्धतीवर उतरतात आणि आवाजाचा नमुना सेकंदाला ८,००० किंवा फार तर १६,००० वेळा घेतला जातो. ८,००० वर ४ किलोहर्ट्झच्या वरचे सगळे गळून पडते, आणि ‘स’, ‘श’, ‘छ’ यांची ओळख पटवणारा बराचसा भाग तिथेच असतो. शांत खोलीत कान ती उणीव अंदाजाने भरून काढतो, गोंगाटात त्याला ते जमत नाही. वायरचा हेडसेट स्वस्तही पडतो आणि चार्जही करावा लागत नाही.

माईक केव्हा उघडायचा याची साधारण दोन रूपे आहेत. एकात आवाज ठरावीक पातळीच्या वर गेला की माईक आपोआप उघडतो. आपल्या हॉलमध्ये ती पातळी यंत्रेच ओलांडणार, त्यामुळे माईक कायमचा उघडा राहील. दुसऱ्यात बटण दाबून धरले तरच आवाज जातो. तुमच्या कामाला दुसरेच रूप योग्य आहे, यात मला शंका नाही. व्हॉट्सॲपच्या कॉलमध्ये म्यूटचे बटण असते, ते एकदा दाबून उघडायचे आणि आठवणीने पुन्हा बंद करायचे असते. हात कामात असलेल्या माणसाकडून ते सांभाळले जात नाही, त्यात फिटरचा दोष नाही.

सॉफ्टवेअरने गोंगाट कापण्याविषयीही थोडे सांगतो. जुनी पद्धत पंख्यासारखा एकसारखा चालणारा आवाज ओळखून वजा करते. हातोडा, शिट्टी किंवा शेजारी बोलणारा माणूस तिच्या हाती लागत नाही. डिस्कॉर्ड या ग्रुपमध्ये बोलण्याच्या ॲपने २०२० साली क्रिस्प या कंपनीचे गोंगाट कापण्याचे तंत्र घेतले, आणि जित्सी, मंबल या तशाच ॲपनी आरएननॉइज हे मुक्त तंत्र वापरले. ही दोन्ही बोलण्याचा साचा शिकलेली असल्यामुळे बरीच पुढची आहेत. परंतु बोलणे आणि गोंगाट जवळजवळ सारख्याच पातळीवर आले, की ती शब्दांचे तुकडेही गोंगाट समजून कापतात. त्यातच फोनची स्वतःची गोंगाट कापण्याची सोय आणि ॲपची सोय एकावर एक चालू राहिली, तर वाक्यातले पहिले अक्षर हमखास जाते. दोहोंपैकी एकच ठेवावी, आणि कोणती ठेवायची ते ऐकून ठरवावे.

गोदाकाठ, नांदेड

वरच्या उत्तराशी मी जवळजवळ सहमत आहे, फक्त ‘वाट’ हा मुद्दा त्यांनी उरकला, तो मी थोडा उघडून सांगतो. कारण पत्र्याच्या हॉलमध्ये तुमची निम्मी अडचण तीच आहे.

तुमची पाचही माणसे एकाच आवारात आहेत. असे असताना काट्यावरच्या माणसाचा आवाज मोबाइल टॉवरवरून कुठल्यातरी दूरच्या सर्व्हरवर जाऊन दोनशे फुटांवरच्या हॉलमध्ये परत यावा, हे मला पटत नाही. ऑफिसात एखादा जुना संगणक पडून असेल तर त्यावर मंबलचा सर्व्हर बसवा. हे मुक्त सॉफ्टवेअर २००५ पासून चालू आहे, त्याला वर्गणी नाही, आणि पाच-सहा माणसांसाठी त्याला अगदी साधा संगणकही पुरतो. अँड्रॉइडवर त्यासाठी मम्ला नावाचे ॲप मिळते. आवारात वाय-फाय असले की पुरे, इंटरनेट बंद पडले तरी बोलणे चालू राहते. मात्र वाय-फायचा एक ॲक्सेस पॉइंट हॉलच्या आत बसवावाच लागेल. बाहेरून पत्र्यातून लहरी आत येतील ही आशा ठेवू नये. तो पॉइंट, राउटर आणि संगणक हे तिन्ही इन्व्हर्टरवर घ्यावेत, कारण लाइट गेल्यावर सगळ्यांना एकदमच बोलायचे असते.

आवाज दाबून पाठवण्यासाठी मंबल ओपस हे तंत्र वापरते. २०१२ साली इंटरनेटचे मानक म्हणून मान्य झालेले हे तंत्र सेकंदाला ६ किलोबिटपासून ५१० किलोबिटपर्यंत कुठेही चालते. बोलण्यासाठी ४० किलोबिट भरपूर झाले, आणि त्या हिशेबाने तासभर अखंड बोलले तरी सुमारे १८ एमबी होतात. बटण दाबूनच बोलायचे असेल तर प्रत्यक्षात त्याचा लहानसा अंशच लागेल. आकड्यांच्या स्पष्टतेसाठी बिटरेट (सेकंदाला किती किलोबिट ते) वाचवू नका, वाय-फाय तुमचेच आहे.

दुसरे असे की सर्वांना एकाच खोलीत कोंबू नका. काटा, गंजी आणि ऑफिस यांचे एक चॅनल करावे, जिन हॉल आणि प्रेस यांचे दुसरे. ओलाव्याचे आकडे फिटरला ऐकण्याचे कारण नाही, आणि कोणत्या जिनचा रोलर घासला याच्याशी काटेवाल्याला कर्तव्य नाही. ऑफिसातल्या माणसाने दोन्हींवर लक्ष ठेवावे. माझ्या अनुभवात गोंगाटाची निम्मी तक्रार यंत्रांची नसते, आपल्याशी संबंध नसलेल्या बोलण्याची असते.

एक जाचक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. बॅटरी वाचवण्यासाठी बरेच फोन पडदा बंद झाला की मागे चाललेले ॲप झोपवून टाकतात, आणि मग ‘मी हाका मारत होतो, तू ऐकलेच नाहीस’ अशी भांडणे सुरू होतात. प्रत्येक फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपला बॅटरीच्या बंधनातून वगळावे. फोन वेगवेगळ्या कंपन्यांचे असतील तर ही सेटिंग प्रत्येकात वेगळ्या जागी दडलेली असते, एक दुपार त्यातच जाईल असे समजावे.

सळईचा कारखाना, जालना

दोन्ही उत्तरे अभ्यासपूर्ण आहेत, पण मला ती कारखान्यात न टिकणारी वाटतात. फिटरच्या हातात ग्रीस, बोटांवर कापसाचा बारीक तंतू, आणि आपण त्याला काचेच्या पडद्यावरचे बटण दाबून धरायला सांगणार! आमच्याकडे रोलिंग मिलमध्ये फोनचा प्रयोग झाला आणि मागे पडला. आता वॉकी-टॉकी आणि त्याला जोडलेला, कान पूर्ण झाकणारा, दांडीच्या माईकचा हेडसेट वापरतो. बटण हातमोज्यातूनही कळते, सर्व्हर नको, वाय-फाय नको. एका वेळी एकालाच बोलता येते ही त्याची मर्यादा आहे, पण गोंगाटात ती मला सोयच वाटते.

परवान्याविषयी आपण विचारलेत ते योग्य केलेत. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या हातातल्या संचांसाठी २०१८ च्या नियमांनी परवानामुक्त आहे. त्या पट्ट्याबाहेर कोणत्याही फ्रिक्वेन्सीवर बसवता येणारे स्वस्त संच ऑनलाइन सर्रास दिसतात. ते परवान्याशिवाय वापरणे बेकायदा आहे, विक्रेता काहीही सांगो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये अशा विक्रीविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, आणि विक्रीच्या पानावर संचाची फ्रिक्वेन्सी व त्याला मिळालेली मान्यता दाखवणे त्यांनुसार आवश्यक आहे. त्यामुळे विकत घेताना पट्टा कोणता आणि ईटीए (संचाच्या प्रकाराला मिळालेली सरकारी मान्यता) प्रमाणपत्र आहे का, या दोन गोष्टी बिलासह लेखी घ्याव्यात. परवानामुक्त संचांची शक्ती कमी असते. एका आवारापुरते ते पुरतात, पण जाहिरातीतल्या किलोमीटरच्या आकड्यांवर जाऊ नये, कारण ते मोकळ्या मैदानातले असतात.

एक त्रुटी प्रामाणिकपणे नोंदवतो : हे संच साधे असल्यामुळे शेजारच्या कारखान्याने त्याच चॅनलवर तसेच संच घेतले, तर त्यांचे बोलणे तुम्हाला आणि तुमचे त्यांना ऐकू जाते. भावाची बोलणी त्यावर करू नयेत.

रुईसरकी, मानवत

तिघांचेही मनापासून आभार. जालन्याच्या दादांचा हातमोज्याचा मुद्दा हॉलपुरता मला पूर्ण पटला. काटा आणि ऑफिसात मात्र सगळ्यांकडे फोन आहेतच, तिथे वेगळा संच कशाला, असे मालकांचे म्हणणे पडेल. शिवाय मला आणखी एक अडचण दिसते. गाडी काट्यावर असताना काटेवाला निरोप ऐकतच नाही, तो शेतकऱ्याशी बोलत असतो. बटण दाबून बोलण्याच्या पद्धतीत तो निरोप हवेत विरून जाणार. त्याला काही उपाय आहे का?

डाळमिल, लातूर

याच कारणासाठी आम्ही झेलो हे ॲप घेतले. तेही बटण दाबून बोलण्याचेच आहे, फरक इतकाच की बोललेला प्रत्येक निरोप फोनवर साठून राहतो आणि नंतर पुन्हा ऐकता येतो. आमचा काटेवाला गाडी गेली की मागचे तीन-चार निरोप ओळीने ऐकून घेतो. डाळमिलमध्ये एलिव्हेटर आणि चाळण्या चालू असताना पहिल्यांदा नीट ऐकू न आलेला आकडा बाहेर येऊन पुन्हा ऐकता येणे, याची किंमत मला माईकच्या गुणवत्तेइतकीच वाटते. अँड्रॉइडवर हेडसेटच्या किंवा फोनच्या बाजूच्या बटणाला बोलण्याचे काम नेमून देता येते, त्यामुळे काचेवर बोट धरण्याची अडचण बरीच कमी होते. याला इंटरनेट मात्र लागते. नांदेडच्या भाऊंनी सांगितलेला हॉलमधला वाय-फाय पॉइंट म्हणूनच यालाही हवा. खाजगी वापरासाठी ते फुकट आहे, व्यवसायासाठी त्यांची वेगळी, पैसे भरून घ्यायची सेवा आहे, हे मालकांना आधी सांगावे.

आता आकड्यांविषयी, कारण आपला मूळ वाद तिथूनच सुरू झाला. साधन कोणतेही घ्या, पण आकडा अंकांनी बोलायची सवय लावा. गोंगाटात एकोणसाठ, एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांची सुरुवात सारखीच असते आणि फरक शेवटी असतो, आणि नेमका तो शेवटच बटण लवकर सोडल्याने कापला जातो. बावन्न आणि बावीस यांची गतही तीच. म्हणून आमच्याकडे ‘पाच-नऊ’ असेच बोलतात आणि ऐकणाऱ्याने ‘पाच-नऊ, बरोबर’ असे परत म्हटल्याशिवाय काट्यावर आकडा लिहीत नाहीत. ओलावा अकरा असेल तर ‘एक-एक’, बारा असेल तर ‘एक-दोन’. सुरुवातीला हमालांना हसू यायचे, आता शेतकरीही तसेच बोलतात.

बटण दाबल्यावर लगेच तोंड उघडू नये, क्षणभर थांबून बोलावे. आणि वाक्य संपल्यावर क्षणभर थांबून बटण सोडावे. नव्या माणसाला एवढे शिकवायला चहाइतका वेळ लागतो, पण ते केल्यावाचून महागडा हेडसेटही निकामी ठरतो.

देखभाल विभाग, वाळूज

लातूरकरांच्या साठवणीच्या मुद्द्याने माझे मत थोडे बदलले, काट्यासाठी झेलोच योग्य दिसते. मानवतकरांना मी आता असे सुचवेन : हॉल आणि प्रेससाठी परवानामुक्त वॉकी-टॉकीचे दोन संच व कान झाकणारे हेडसेट, काटा, गंजी आणि ऑफिससाठी फोन, आणि ऑफिसात तिसरा संच, म्हणजे दोन्ही बाजूंचा दुवा तिथला माणूस राहील. पूर्ण हंगामासाठी खरेदी करण्याआधी एकच हेडसेट आणून तो फिटरच्या डोक्यावर, सगळे जिन चालू असताना, तपासावा. हॉलमध्ये हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागत असेल, तर तिथली पातळी साधारण ८५ डेसिबलच्या पुढे आहे असे समजावे. तेव्हा कान झाकणारा हेडसेट बोलण्याइतकाच फिटरच्या कानांच्या रक्षणासाठीही लागतो. कान झाकल्यावर माणसाला स्वतःचा आवाज मोठा वाटतो आणि तो हळू बोलू लागतो, त्यामुळे माईक ओठांशी असणे आणखी महत्त्वाचे ठरते.

जिनिंगमध्ये एक जास्तीची काळजी : माईकवरचा स्पंज कापसाच्या तंतूंनी पंधरवड्यातच भरतो आणि आवाज रजईतून आल्यासारखा होतो. स्पंज सुटे मिळतात, ते डझनभर आणून ठेवावेत आणि पाळी बदलताना झटकावेत. फोनच्या वरच्या कडेला गोंगाट मोजणारे दुसऱ्या माईकचे बारीक छिद्र असते. तेही तंतूंनी बुजते आणि फोनची गोंगाट कापण्याची सोय बिघडते. ते छिद्र टाचणीने कोरू नये, मऊ ब्रशने साफ करावे.

आणि आगीच्या सूचनेसाठी यातले काहीही वापरू नका. कापसाच्या गंजीला आग लागली तर बटण, बॅटरी, वाय-फाय आणि ऐकणारा यांपैकी एक जरी ऐनवेळी कमी पडला तरी निरोप जात नाही. त्यासाठी हॉल, प्रेस आणि गंजी या तिन्ही ठिकाणांहून वाजवता येईल असा भोंगा आणि यंत्रे एकदम बंद करणारे बटण वेगळेच हवे. त्याची वायरिंग बोलण्याच्या साधनांपासून पूर्ण स्वतंत्र ठेवावी आणि हंगाम सुरू होण्यापूर्वी ती इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावी.